करिंथचा मांसबाजार आणि दारी आलेला प्रसाद

गणपतीच्या दिवसांत मराठी ख्रिस्ती घरांत एक प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. शेजारून आलेला प्रसाद खावा की नाही? बहुतेक वेळा तो घरातल्या घरात मिटतो. कुणी आनंदाने घेतं, कुणी हात जोडून नको म्हणतं, कुणी घेऊन बाजूला ठेवून देतं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मात्र तो एकदा उघड्यावर आला आणि दोन घरांचं बोलणं बंद होण्यापर्यंत गेला. ते प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे, कारण ते सोडवताना बायबलच्या नव्या करारातल्या, प्रेषित पौलाने करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचे तीन अध्याय आम्हाला पहिल्यांदाच सलग वाचावे लागले.

एका बाजूला मंडळीतले ज्येष्ठ काका होते, तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. सोसायटीच्या गणपतीच्या आरतीला ते शेजारधर्म म्हणून मांडवात उभे राहिले आणि वाटलेला मोदक त्यांनी सगळ्यांदेखत खाल्ला. दुसऱ्या बाजूला त्याच सोसायटीतली एक ताई. तिने काही वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेला. तिच्या माहेरी गणपती दहा दिवसांचा, आणि लग्नाआधी त्याची सगळी तयारी तीच करायची. काकांना मोदक खाताना पाहून ती घरी गेली आणि खूप रडली, असं तिच्या नवऱ्याने पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, सांगितलं. पाळकांनी दोघांना बोलावलं, तेव्हा काका म्हणाले, ‘मूर्ती म्हणजे जगात काहीच नाही असं पौलच लिहितो, ८:४, म्हणजे आठव्या अध्यायाचं चौथं वचन, काढून बघा.’ ताईनेही वचन काढलं. ‘प्रभूच्या मेजाचे आणि भुतांच्या मेजाचे असे दोन्हीकडचे भागीदार होता येत नाही, हेही पौलच लिहितो. १०:२१.’ पत्र एकच, लेखक एकच, मध्ये जेमतेम दोन अध्यायांचं अंतर.

पाळकांनी निवाडा दिला नाही, आणि मला ते फार योग्य वाटलं. त्यांनी शुक्रवारच्या अभ्यासवर्गात आठ, नऊ आणि दहा हे अध्याय पार्श्वभूमीसह घ्यायचं ठरवलं. तयारी माझ्याकडे आली.

सुरुवात शहरापासून केली. पौल ज्या करिंथला लिहितो ते जुनं, वैभवशाली ग्रीक करिंथ नव्हे. ते शहर इ.स.पू. १४६ मध्ये रोमन सेनापती मुम्मियसने उद्ध्वस्त केलं, आणि पुढची शंभर वर्षं तिथे फारसं काही उरलं नव्हतं. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने त्या जागी रोमन वसाहत वसवली. तिथे येऊन राहिलेल्यांत गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांचा भरणा मोठा होता. लेखेयन आणि किंख्रिया अशी दोन बंदरं दोन दिशांच्या समुद्रांवर असल्यामुळे हे शहर भराभर श्रीमंत झालं. दर दोन वर्षांनी जवळच इस्थमियन खेळ भरत, तेव्हा गर्दीला पार नसे. म्हणजे हे नव्याने आलेल्यांचं, आपला हुद्दा आणि ओळख कमावू पाहणाऱ्यांचं शहर होतं. अशा ठिकाणी कोण कुणाच्या पंगतीला बसतो याला किती वजन असेल, हे लक्षात ठेवून पुढचं वाचायला हवं.

काळ बऱ्यापैकी नेमका सांगता येतो. पौल करिंथमध्ये दीड वर्ष राहिला असं प्रेषितांची कृत्ये १८:११ मध्ये आहे, आणि त्याच अध्यायात अखया या रोमन प्रांताचा अधिकारी गल्लियो याच्यासमोर त्याला उभं केल्याची हकिकत आहे. डेल्फीला सापडलेल्या एका शिलालेखामुळे गल्लियोचा कार्यकाळ इ.स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो. पौलाने पत्र लिहिलं ते त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, इफिसहून. जी माणसं ते वाचणार होती, त्यांतली बरीचशी चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत त्याच शहरातल्या देवळांत जात होती. आमच्या ताईसारखीच.

आता मांसाबद्दल. अभ्यासवर्गात बहुतेकांनी गृहीत धरलं होतं की करिंथचे लोक रोज मटण खात असतील. तसं नव्हतं. सामान्य माणसाचं जेवण म्हणजे भाकरी, पेज, कडधान्यं, ऑलिव्ह, कधी मासे. मांस आलं तर ते सणाला, म्हणजेच बळीच्या निमित्ताने. गेर्ड थाइसन या जर्मन अभ्यासकाने १९७५ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवलं. श्रीमंताच्या घरी मांस एरवीही शिजे, त्यामुळे त्याच्या लेखी मांस म्हणजे नुसतं जेवण. गरिबाच्या तोंडी मांस लागे ते जवळजवळ नेहमीच देवाच्या उत्सवात, त्यामुळे त्याच्या मनात मांसाची चव आणि देवाची हजेरी एकत्र बसलेली. करिंथच्या मंडळीतल्या ‘बलवान’ (असं मांस खायला हरकत नाही म्हणणारे) आणि ‘दुर्बळ’ (ते खाताना मन खाणारे) गटांमधल्या भांडणाला ही आर्थिक किनार होती, असं थाइसनचं म्हणणं. ते सगळंच्या सगळं मान्य करायची गरज नाही, पण एकदा डोक्यात शिरलं की आठवा अध्याय पूर्वीसारखा वाचता येत नाही.

बळी कसा दिला जाई? जनावराला हार घालून मिरवत आणत, धान्य शिंपडत, मग कापत. मांडीची हाडं चरबीत गुंडाळून वेदीवर जाळत, तो देवाचा वाटा. आतड्याकाळजाचे तुकडे भाजून यजमान आणि जवळचे लोक तिथेच खात. पुजाऱ्याचा भाग वेगळा निघे. उरलेलं बहुतांश मांस म्हणजे खरी मेजवानी. ते तिथेच शिजवून खात, घरी नेत किंवा बाजारात विकायला जाई. देवाला धूर, माणसाला मांस. हे जेवण पूजेनंतर उरलेलं काहीतरी नव्हतं, ते पूजेतच मोडत होतं.

म्हणून देवळांना जेवणाच्या खोल्या असत. करिंथमध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञ १८९६ पासून उत्खनन करत आहेत. शहराच्या उत्तर कडेला आरोग्यदेवता अस्क्लेपियसचं जे आवार त्यांना सापडलं, त्यात भिंतीलगत दगडी बैठका असलेल्या तीन भोजनखोल्या आहेत, प्रत्येकीत अकरा जणांची सोय. शहरामागच्या अक्रोकरिंथ डोंगराच्या उतारावर धान्यदेवता देमेतेर आणि तिच्या मुलीच्या मंदिरात तर अशा खोल्यांची रांगच्या रांग आहे. पौलाच्या काळात यांतल्या नेमक्या कोणत्या खोल्या वापरात होत्या याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि देमेतेरच्या मंदिरातल्या बहुतेक खोल्या जुन्या ग्रीक शहराच्या काळातल्या. पण देवळात जेवायला बसणं ही त्या जगातली रोजची, ओळखीची गोष्ट होती, याबद्दल शंका राहत नाही.

वर्गात सगळ्यांना जास्त जवळचा वाटला तो इजिप्तमधल्या ऑक्सिरिंखस गावच्या उकिरड्यात सापडलेला पपायरसाचा, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचा, एक छोटा तुकडा. दुसऱ्या शतकातला आहे. मजकूर असा: खैरेमोन तुम्हाला प्रभू सारापिसच्या मेजवानीला, सारापिसच्या मंदिरात, उद्या म्हणजे १५ तारखेला नवव्या तासापासून, जेवायला बोलावतो. नववा तास म्हणजे दुपारचे तीन. सारापिस हा तिथला एक देव. बस, एवढंच. आपल्याकडच्या निमंत्रणपत्रिकेइतकं साधं. अशी बरीच निमंत्रणं मिळाली आहेत. काहींत मंदिराऐवजी कुणाच्या तरी घरचा पत्ता आहे, काहींत घरातल्या कार्याचं निमित्त. सारापिसची स्थानं करिंथमध्येही होती. दुसऱ्या शतकातला प्रवासी पौसानियस अक्रोकरिंथला चढताना ती पाहिल्याचं नोंदवतो. आता हे निमंत्रण मनात ठेवून ८:५ वाचा. ‘पुष्कळ देव आणि पुष्कळ प्रभू आहेत’ असं पौल म्हणतो, तेव्हा तो तत्त्वज्ञान सांगत नसून शहरात फिरणाऱ्या चिठ्ठ्यांवरचे शब्द उचलतो आहे. निमंत्रणात सारापिसला लावलेला ‘क्युरिओस’ (प्रभू) आणि पौल ख्रिस्ताला लावतो तो ‘क्युरिओस’ हा एकच शब्द.

आणि बाजार. दहाव्या अध्यायाच्या २५व्या वचनात पौल ज्या ठिकाणी विकलेलं काहीही चौकशी न करता खा म्हणतो, त्याला तो ‘माकेलोन’ म्हणतो. सबंध नव्या करारात हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी आहे. हा रोमन धाटणीचा मांस-मासळीचा बाजार, लॅटिनमध्ये मॅकेलम. करिंथच्या उत्खननात मॅकेलमचा उल्लेख असलेल्या लॅटिन शिलालेखांचे तुकडेही सापडले आहेत. इटलीतल्या पॉम्पेईच्या मॅकेलमचे अवशेष तर चांगले टिकून आहेत. त्यात सम्राटपूजेचं एक छोटं देवघर आहे, आणि मेंढ्यांचे अख्खे सांगाडेही तिथे मिळाले, म्हणजे जिवंत जनावरंही तिथे विकली किंवा कापली जात असणार. यावरून दोन गोष्टी निघतात. बाजारात आलेलं सगळंच मांस देवळातून आलेलं नव्हतं. आणि कोणतं कुठून आलं हे दुकानात नुसतं बघून ओळखता येत नव्हतं. पौलानंतर सुमारे साठ वर्षांनी बिथुनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट त्राजानला कळवतो की ख्रिस्ती लोकांमुळे बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळेनासं झालं होतं, आता पुन्हा मिळू लागलं आहे. कसायाच्या गल्ल्यापर्यंत पोहोचलेला हा प्रश्न होता.

यहुदी घरांत यावरचं उत्तर ठरलेलं होतं. विचारायचं, खात्री करायची, नाहीतर घ्यायचं नाही. सार्दीस शहराने तर तिथल्या यहुद्यांसाठी योग्य ते अन्न बाजारात आणण्याची जबाबदारी बाजार-अधिकाऱ्यांवर टाकणारा ठराव केला होता, तो योसेफस या यहुदी इतिहासकाराने जपून ठेवला आहे. मिश्ना या यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात मूर्तीकडे जायला निघालेलं मांस चालतं आणि तिथून बाहेर आलेलं चालत नाही, असा बारकावा आहे. या परंपरेत वाढलेला, परूशी या काटेकोर यहुदी पंथाच्या शिस्तीत तयार झालेला पौल जेव्हा ‘चौकशी न करता’ म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडून ते केवढं मोठं वाक्य आहे हे आपल्या लक्षात येत नाही. लगेच पुढे तो २४वं स्तोत्र उद्धृत करतो: पृथ्वी आणि तिच्यातलं सर्व काही परमेश्वराचं आहे. यहुदी परंपरेत जेवणाआधी देवाचे आभार का मानायचे, याला हेच वचन आधार म्हणून दिलं जाई. आभार मानायला शिकवणारं वचन पौल इथे भीती घालवायला वापरतो.

इथपर्यंत आल्यावर वर्गाला स्पष्ट दिसलं की पौलासमोर तीन वेगवेगळ्या जागा आहेत. देवळातली पंगत (८:१० आणि १०:१४-२२), बाजार (१०:२५) आणि विश्वास न ठेवणाऱ्या ओळखीच्याचं घर (१०:२७-२८). गॉर्डन फी या अभ्यासकाने १९८७ साली मांडलं की पत्रातलं खरं भांडण पहिल्या जागेबद्दल आहे. करिंथचे लोक पौलाशी वाद घालत होते तो ‘आम्ही देवळात जेवायला जाऊ’ यासाठी. बाजार आणि घर यांचे प्रश्न शेवटी, थोडक्यात येतात, आणि तिथे पौल एकदम सैल होतो. मलाही तीन अध्यायांचा तोल याच वाचनाने सांभाळला जातो असं वाटतं.

मराठी वाचकाला या तीन जागा सहज का दिसत नाहीत, याचं एक कारण भाषेत आहे. ८:१ मधल्या ग्रीक ‘इदोलोथुतोन’ या शब्दात ‘थुओ’ म्हणजे बळी देणं हे क्रियापद आहे. आपल्या प्रचलित मराठी भाषांतरात तिथे मूर्तीला दाखवलेला नैवेद्य असा शब्दप्रयोग येतो. भाषांतरकारांचा हेतू समजतो. देवाला अर्पण करून मग माणसाने खायचं अन्न, हे नैवेद्य म्हटल्याबरोबर कळतं. पण डोळ्यांसमोर येतं ते केळीच्या पानावरचं वरण-भात-पुरण, दोन मिनिटं देवासमोर ठेवून उचललेलं. जनावर दिसत नाही, वेदी दिसत नाही, देवाला यजमान मानून तीन वाजता बसणारी पंगत दिसत नाही. करिंथच्या जवळ जाणारं काही आपल्याकडे शोधायचं तर ते मोदकात नाही, गावच्या जत्रेत देवीला कापलेल्या बोकडात आणि त्यानंतरच्या भावकीच्या जेवणात सापडेल. वर्गातल्या गावाकडच्या लोकांना हे क्षणात पटलं. त्या पंगतीला न बसणं म्हणजे भावकीतून उठणं, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

दुसरी अडचण अवतरणचिन्हांची. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत शब्द सलग लिहिलेले, मध्ये जागा नाही, अवतरणचिन्हं नाहीत. इ.स. २०० च्या सुमाराचा, या पत्राचा आपल्याकडे असलेला फार जुना पपायरसही असाच आहे. पण पौल करिंथहून आलेल्या पत्राला उत्तर देतो आहे हे ७:१ मध्ये त्यानेच सांगितलंय, आणि नवा विषय काढताना तो ‘आता अमुकविषयी’ अशी सुरुवात करतो, तशी ८:१ मध्येही आहे. त्यामुळे ‘आपल्या सर्वांना ज्ञान आहे’, ‘मूर्ती म्हणजे जगात काहीच नाही’, ‘सर्व गोष्टींची मोकळीक आहे’ ही वाक्यं करिंथकरांची आहेत आणि पौल ती उद्धृत करून त्यांना उत्तर देतो आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. काकांना हे ऐकून धक्काच बसला. ज्या वाक्यावर त्यांनी सगळी भिस्त ठेवली होती ते मुळात समोरच्या पक्षाचं निघालं. पौल ते खोटं ठरवत नाही, हेही खरं. देव एकच आहे हे त्याला पूर्ण मान्य आहे. पण तो तिथे थांबत नाही. ‘परंतु हे ज्ञान सर्वांना नाही’ असं म्हणत सातव्या वचनात वळतो, आणि त्याचं स्वतःचं बोलणं तिथून सुरू होतं.

ते सातवं वचन ताईसाठी होतं, असं मला आजही वाटतं. तिथे हस्तलिखितांत एक पाठभेद आहे. काहींत ‘सुनेइदेसिस’ म्हणजे विवेकभाव, तर जुन्या आणि चांगल्या हस्तलिखितांत ‘सुनेथेइया’ म्हणजे सवय, वर्षानुवर्षांचा सहवास. हा दुसरा पाठ धरला तर अर्थ असा होतो: काही जण आजवरच्या मूर्तीच्या सवयीमुळे ते अन्न मूर्तीचं म्हणूनच खातात. म्हणजे दुर्बळ माणूस अडाणी नाही, भित्रा नाही. त्याच्या हातांना, जिभेला, कानांना एका भक्तीची सवय आहे, आणि ती सवय त्याच्या बुद्धीला मिळालेल्या उत्तरापेक्षा जुनी आहे. दहा-बारा वर्षं उकडीच्या मोदकांना पाऱ्या पाडणाऱ्या मुलीला मोदक म्हणजे काही नाही, असं तिसऱ्या पिढीच्या माणसाने सांगावं, यात काय चुकतंय ते या एका शब्दाने दाखवलं. काकांच्या आजोबांनी जो तुटण्याचा त्रास भोगला असेल, तो काकांच्या वाट्याला आलाच नव्हता.

मग ताईचं वचन, १०:२१. तिथल्या ‘भुतां’मुळे वर्गात थोडा तणाव आला, कारण काही जणांचे निम्मे नातेवाईक हिंदू आहेत. ग्रीक शब्द ‘दाइमोनिआ’. पौल इथे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली (३२:१७) भाषा वापरतो, इस्राएलने रानात केलेल्या चुकीबद्दलची, आणि ती आपल्याच लोकांना इशारा म्हणून वापरतो. त्याच्या मते हा शब्द गंभीर आहे, तो सौम्य करून सांगणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. पण हाच शब्द अथेनैच्या लोकांच्या तोंडी प्रेषितांची कृत्ये १७:१८ मध्ये येतो, तेव्हा त्याचा अर्थ साधा ‘परकी दैवतं’ एवढाच असतो. पौल हे वाक्य मंडळीच्या आत, वेदीच्या पंगतीत भागीदार होण्याबद्दल लिहितो. शेजाऱ्याच्या तोंडावर फेकायला ते लिहिलेलं नाही, आणि आपल्या पंथांत ते तसं फेकलं गेल्याचं मी पाहिलं आहे, याचं मला मनापासून दुःख होतं. शिवाय त्या वचनात अन्न विषारी झालं असं कुठेच म्हटलेलं नाही. कुणाच्या मेजावर बसलात, हा त्यातला प्रश्न.

हे कळल्यावर ताईने जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. बाप्तिस्म्यापासून ती माहेरी जेवलीच नव्हती. दिवाळीचा फराळ नाही, भावाच्या लग्नातली पंगत नाही, आईच्या हातचं साधं पिठलंही नाही. स्वयंपाक झाला की आई देवाला दाखवते, म्हणून. १०:२७ तिने तेव्हा मोठ्याने वाचलं. विश्वास न ठेवणाऱ्यांपैकी कुणी बोलावलं आणि जायची इच्छा असली, तर पुढे वाढलेलं सर्व काही विचारपूस न करता खा. तिने ते दोनदा वाचलं.

आता राहिला दारी आलेला प्रसाद. तो देवळातल्या पंगतीत बसत नाही आणि बाजारातही बसत नाही. माझ्या मते तो १०:२८ च्या सगळ्यांत जवळ आहे. घरच्या जेवणात कुणी ‘हे अर्पण केलेलं आहे’ असं सांगितलं, तर खाऊ नका, ज्याने सांगितलं त्याच्यासाठी आणि विवेकभावासाठी. जुन्या हस्तलिखितांत इथे ‘इदोलोथुतोन’ नाही, ‘हिएरोथुतोन’ आहे, म्हणजे देवाला वाहिलेलं, पवित्र बळीचं. पहिला शब्द यहुदी-ख्रिस्ती तोंडचा, त्यात मूर्तीबद्दलचा नकार आहे. दुसरा भक्ताचा स्वतःचा, आदराचा शब्द. नंतरच्या अनेक हस्तलिखितांत इथेही पहिलाच शब्द घातलेला दिसतो, पण मूळ बारकावा तिथे हरवतो. सांगणारा कोण, यजमान, दुसरा पाहुणा की दुर्बळ ख्रिस्ती, यावर मतभेद आहेत. शब्दाकडे पाहता तो ख्रिस्ती नसलेला माणूस वाटतो, आणि त्याच्या मनात काय आहे हे पौलाला महत्त्वाचं वाटतं.

प्रसाद हा नेहमी सांगूनच येतो. ‘बाप्पाचा प्रसाद आहे’ असं म्हणूनच ताटली पुढे होते. म्हणून मी वर्गात असं मांडलं की तो घेऊ नये, पण कारण शेजारी आहे, मोदक नाही. शेजाऱ्याला तो प्रसाद आहे. आपण तो नुसती मिठाई म्हणून खाल्ला तर त्याच्या श्रद्धेची किंमत कमी केली, आणि प्रसाद म्हणून खाल्ला तर आपल्या श्रद्धेशी खोटेपणा केला. घेऊन गुपचूप दुसऱ्याला देणं तर दोन्हीकडून वाईट. सरळ सांगावं, हसतमुखाने, की आम्ही प्रसाद घेत नाही, पण दिवाळीला फराळाला नक्की येऊ, आणि मग खरंच जावं. पौलाने नकार सांगतानाही शेजाऱ्याचा आदराचा शब्द त्याच्या तोंडी तसाच ठेवला आहे. नकार देणाऱ्याच्या आवाजात तेवढा आदर असायला हवा.

काकांनी एक चांगली हरकत घेतली. १०:२९ च्या उत्तरार्धात पौलच विचारतो की माझ्या मोकळिकीचा न्याय दुसऱ्याच्या विवेकभावाने का व्हावा? हे कठीण वाक्य आहे. काही जण ते पुन्हा करिंथकरांचं म्हणणं मानतात. मला ते २७व्या वचनाकडे मागे वळणारं वाटतं: न सांगता वाढलेलं आभार मानून खाल्लं तर कुणी बोट दाखवू नये. काकांना हे पूर्ण पटलं नाही, आणि त्यांनी तसं सांगितलं. घरी आलेला प्रसाद खाण्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही, हे त्यांचं मत आजही तेच आहे. मात्र मांडवातल्या आरतीबद्दल ते स्वतःहून म्हणाले की ती जागा ८:१० मधली आहे, आणि ज्याने आपल्याला तिथे बसलेलं पाहिलं त्याचं काय होतं, हाच पौलाचा प्रश्न आहे. ते ताईच्या घरी गेले. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. त्या दिवाळीत ताई माहेरी फराळाला गेली.

एक प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि तो वर्गात सगळ्यांत मागे बसणाऱ्या एका मुलाने विचारला. तो एका वर्कशॉपमध्ये कंत्राटी कामगार आहे. खंडेनवमीला मशीनची पूजा होते, नारळ फुटतो, मालक स्वतः प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवतो. पुढचं कंत्राट मालकाच्या हातात. हे देऊळ आहे की बाजार की घर? काकांसारख्या निवृत्त, पेन्शन असलेल्या माणसाला नाही म्हणायला काय लागतं, असं तो म्हणाला नाही, पण त्याच्या प्रश्नात ते होतं. थाइसनचा मुद्दा उलट्या बाजूने पुढ्यात आला. पौल स्वतः तंबू शिवणारा होता, अक्विल्ला आणि प्रिस्किल्लेबरोबर करिंथच्या कारागिरांत बसून काम करणारा, तेव्हा हा पेच त्याला परका नसणार. पण कामाच्या जागेवरच्या अर्पणाबद्दल त्याने या पत्रात वेगळं काही लिहिलेलं नाही.

त्यामुळे पुढच्या महिन्यासाठी नव्या करारातल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातलं थुवतीराच्या मंडळीला लिहिलेलं पत्र निवडलं आहे. थुवतीरा म्हणजे जांभळी वस्त्रं विकणाऱ्या लुदियेचं गाव, आणि तिथे सापडलेल्या शिलालेखांत रंगारी, चांभार, कुंभार, तांबट अशा व्यवसायांच्या संघांची नावं भरपूर मिळतात. त्या पत्रातही तोच ‘इदोलोथुतोन’ आहे, आणि तिथला सूर करिंथच्या पत्रापेक्षा बराच कडक आहे.